दुपारी एक वाजता

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. दवाखान्यात नंबराची वाट पाहताना कानी पडलेली गोष्ट आहे. बायको वारलेला एक शिंपी, दुकानात चक्कर येऊन पडलेला, आणि त्याच्या आहाराचा तक्ता मांडीवर घेतलेली त्याची लेक.

“सकाळी एक अंडं. खाल ना, बाबा?”

“खाईन की.”

“दुपारी एकला डाळ, भाजी, वाटीभर दही. भाज्या मी रविवारी चिरून ठेवीन.”

“ठेव.”

“हो ला हो करू नका. कालचा डबा तसाच होता.”

“शिवत होतो गं. मान वर केली तर चार वाजलेले.”

“आई होती तेव्हा बरे वेळेवर जेवायचात.”

“ती सरळ मशीनचं बटण बंद करायची. मी चिडायचो, शिवण वाकडी जाईल म्हणून. ती हसायची.”

“मग मी एकला फोन करते.”

“फोनचं नको. एक वाजलेला कळतो मला. तरी मशीन चालूच ठेवतो. वाटतं, येईल बंद करायला.”

“बाबा...”

“वेडा आहे झालं तुझा बाप.”

“मंगळवारी आणि शुक्रवारी मला लवकर निघता येतं. जेवायला तुमच्याकडेच येईन.”

“आणि बाकीचे दिवस?”

“तुम्ही सांगा.”

“बंद करेन माझं मी. पण थोडे दिवस दे मला.”

मंडळी, उद्या ताटावर बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी त्या हसणाऱ्या माउलीची आठवण काढा. एवढंच मागणं.