सहाव्या सालानंतरचं डिझेल

तुळशीराम: अर्धी चावी, सर. अर्धीच. ते लाल बत्ती दिसली ना? आता थांबा. ते विझल्याबिगर सेल्फ मारू नका.

विनायक: किती वेळ लागतो?

तुळशीराम: थंडीचे दिवस हाय, जरा लागन. डिझेलले आधी गरम होऊ द्या लागते. घाई केली का रुसते.

अनुराधा: म्हणजे यांच्यासारखीच. सकाळी चहा पोटात गेल्याशिवाय बोलायचं नाही.

विनायक: तू नीट बसलीस ना मागे? उशा घेतल्या?

अनुराधा: घेतल्या हो. पाठीला एक, कमरेला एक. नवरीसारखी बसून आहे.

तुळशीराम: मारा आता, सर.

विनायक: झाली. पाहिलंस? एका सेल्फमध्ये.

अनुराधा: पाहिलं. ऐकलं पण. अर्धं पांढुर्णा ऐकून राहिलं असेल.

तुळशीराम: आवाज तर राहीनच, काकू. अ‍ॅम्बेसेडर, तेच्यात डिझेल. पन इंजिन पाहा, निरं लोखंड हाय. माया हातानं खोलून बसवलं. सर, सौंसर रोडनं घ्या. आन् गिअर इथं स्टेअरिंगपाशी हाय, मोरेश्वरभाऊच्या जीपीवानी खाली नाई.

विनायक: माहीत आहे रे. भाऊंनी मला सगळं सांगितलं आहे.

तुळशीराम: तुमी गाडी शिकून राहिले म्हून आयकलं, तवा मले खरं नाई वाटलं. शाळेत तर तुमी चढावर सायकलवरून उतरून ढकलत येत होते.

विनायक: माणूस कोणत्याही वयात शिकतो. तू सोडून. तुला आलेख शिकवता शिकवता माझे खडू संपले.

तुळशीराम: मी त मेकॅनिकच होनार होतो, सर. तुमीच उगाच मेहनत घेतली.

अनुराधा: रिटायर व्हायला आले आणि ड्रायव्हिंग शिकले. रामाकोन्याच्या रस्त्यावर मोरेश्वरभाऊजींची जीप एका बैलगाडीच्या मागे नेऊन लावली, ते नाही सांगत.

विनायक: बैलगाडी अचानक थांबली.

अनुराधा: बैलगाडी उभीच होती.

तुळशीराम: सर, समोर ट्रक हाय. निघत असन त आत्ताच घ्या.

विनायक: घेऊन राहिलो. अ‍ॅक्सिलेटर तर पूर्ण दाबला आहे.

तुळशीराम: मंग राहू द्या. डिझेलले पिकअप नाई. ते मागंमागंच चालते, पन पोहोचते. अ‍ॅव्हरेज पाहाल त खुश होसान तुमी.

विनायक: तेच तर. पिकअप काय करायचं आहे? आपल्याला शर्यत लावायची नाही. दर मंगळवारी नागपूरला जायचं, हिची किरणांची सिकाई करायची, परत यायचं. बसनं आता जमत नाही. जाताना कंडक्टर समोरची जागा देतो बिचारा, पण येताना हिला बसवत नाही की उभं राहवत नाही. असं काय झालं, खड्डा होता का?

तुळशीराम: दोन होते. काकू, त्रास होऊन राहिला का?

अनुराधा: नाही.

तुळशीराम: पदर दातात धरला तुमी.

अनुराधा: धूळ येऊन राहिली म्हणून.

विनायक: मग काच लाव ना.

अनुराधा: लावलेली आहे.

तुळशीराम: सर, इथूनच वळवा. पाहाचं ते पाहून झालं.

विनायक: आत्ताच? जरा सौंसरच्या अंगानं पुढे जाऊ दे. मला गाडी समजली पाहिजे.

तुळशीराम: गाडी कुठी पळून नाई चालली. वळवा तुमी. हळू.

(थोड्या वेळानं. त्याच रस्त्यावर, पांढऱ्या मारुतीत. अनुराधा आता पुढच्या सीटवर आहे.)

अनुराधा: चालू झाली का ही?

तुळशीराम: काकू, आपुन चौक सोडून आलो.

अनुराधा: मला वाटलं अजून ढकलून राहिले कोणी.

तुळशीराम: पेट्रोल अशीच राहते. यशवंतरावाच्या पोराची हाय. लग्नाच्या आधी घेतली, आता घरात पोरंबाळं झाले, मोठी पाहिजे म्हन्ते. लै जपून चालवली तेनं. तो चहाचा कप हातात कायले धरला? ठेवा समोर, त्या कप्प्यात.

अनुराधा: सांडेल ना.

तुळशीराम: ठेवून त पाहा. मी सगळ्याच गिऱ्हाइकांले असंच दाखवतो. मघाच्या गाडीत ठेवला असता त चहा काय, कप बी बाहेर आला असता.

अनुराधा: अगबाई. नुसती साय हलून राहिली आहे.

विनायक: कप काय पाहता तुम्ही? पेट्रोलचा काटा पाहा.

अनुराधा: अहो, समोर ट्रक आहे. जाता येईल का याच्या पुढून?

विनायक: कशाला? आपल्याला काही घाई नाही.

अनुराधा: मला पाहायचं आहे. घ्या ना.

तुळशीराम: घ्या, सर. तिसऱ्यात टाका आन् दाबा. रस्ता मोकया हाय.

अनुराधा: गेला. मागे राहिला पहा. अहो, मागे राहिला तो.

विनायक: हसू नको इतकी. ठसका लागेल.

अनुराधा: लागू द्या. किती दिवसांनी कोणीतरी माझ्या मागे राहिलं. एरवी मीच बसून असते आणि सगळे पुढे जाऊन राहिलेले असतात. अजून पळवा.

विनायक: अनुराधा, रस्ता पहा कसा आहे.

अनुराधा: रस्ता तोच आहे. मघाचाच. मला कुठे लागला नाही.

तुळशीराम: सर, काटा लालवर आला. वापस चला. तुमी दोघं ग्यारेजवर बसा सावलीत, मी हेच्यात पेट्रोल टाकून आनतो. मंग सांगा काय ठरवता ते.

अनुराधा: सावकाश ये रे. आम्हाला बोलायचं आहे.

(ग्यारेजवर, अ‍ॅम्बेसेडरपाशी. तुळशीराम मारुती घेऊन गेला आहे.)

विनायक: काय बोलायचं आहे? तो तर गेला पण पंपावर. त्या खुर्चीवर बस आधी.

अनुराधा: बसते. तुमचं ठरलेलं आहे ना, डिझेल घ्यायचं?

विनायक: ठरलेलं म्हणजे काय, हिशोबच तसा आहे. तुला आवडली ना ती छोटी, मला दिसलं. मलाही आवडली. पण आवड वेगळी, हिशोब वेगळा. थांब, तुला दाखवतो. या बोनेटवर धूळ आहे चांगली.

अनुराधा: बोटानं काढून राहिले? सदऱ्याची बाही पहा तुमची.

विनायक: हा आडवा अक्ष, सालं. हा उभा, खर्च. ही पेट्रोलची रेषा. गाडी स्वस्तात मिळते, म्हणून खालून सुरू झाली. पण पेट्रोल फार महाग, म्हणून उभीच्या उभी चढते. आणि ही डिझेलची. घेताना जास्त पडते, म्हणून वरून सुरू झाली, पण पहा किती सपाट चालली आहे. समजलं?

अनुराधा: समजलं. आणि ह्या दोघी इथे मिळून राहिल्या.

विनायक: हां. हाच मुद्दा. इथून पुढे सगळा फायदा. इथून पुढे डिझेल म्हणजे फुकट चालल्यासारखंच.

अनुराधा: इथे कितवं साल आहे?

विनायक: सहावं धर.

अनुराधा: आणि त्याच्या आधी?

विनायक: त्याच्या आधी काय?

अनुराधा: सहाव्या सालाच्या आधी कोणती परवडते?

विनायक: ते... आधी पेट्रोल. पण आधीचं कोण पाहतो? गाडी कोणी एक-दोन सालांसाठी घेतं का?

अनुराधा: मी काही बोलले का?

विनायक: तू तशी पाहून राहिलीस.

अनुराधा: तुम्हीच रेषा काढली. मी तर नुसतं विचारलं.

विनायक: डॉक्टर म्हणाले आहेत, सिकाईनं फरक पडतो. हळूहळू पडतो. वेळ लागतो.

अनुराधा: तुम्हाला काय म्हणाले ते मला नका सांगू. मला त्याच दिवशी समजलं.

विनायक: काय समजलं? तू तर बाहेर बाकावर होतीस.

अनुराधा: बाकावरच होते. तुम्ही त्यांच्या खोलीतून आलात, एक शब्द बोलला नाहीत. मग बसमध्ये चढलो आणि तुम्ही मला खिडकीची जागा दिली.

विनायक: मग काय झालं त्यात?

अनुराधा: लग्न होऊन मी सौंसरला आले तेव्हापासून तुमच्या बाजूला बसते. कधी खिडकी सोडली तुम्ही? वारा नाही लागला तर मळमळते म्हणता. आपली प्रतिभा लहान होती तेव्हा तिच्याशी भांडायचे खिडकीसाठी. त्या दिवशी म्हणालात, तू बस. मी सावनेर येईपर्यंत बाहेर पाहून राहिली होती, कारण आत पाहिलं असतं तर तुम्ही रडले असते.

विनायक: मला खरंच मळमळत होतं त्या दिवशी.

अनुराधा: माहीत आहे.

विनायक: मी काय करू, सांग? मला गणिताशिवाय काही येत नाही. मला वाटलं, जी गाडी लवकर खराब होत नाही ती घ्यावी. वीस वर्षं चालेल म्हणतो तो. मला वाटलं, वीस वर्षांची गाडी दारात उभी राहिली तर... मला माहीत आहे हे वेड्यासारखं आहे. पण पेट्रोल घेतली म्हणजे मीच मान्य केलं असं होतं. माझ्या हातानं तुझं नाव खोडल्यासारखं. मला भीती वाटते, अनुराधा. रात्री तू झोपलीस की मी तुझा श्वास ऐकत पडलेला असतो.

अनुराधा: मी कुठे झोपते? मी तुमचा ऐकत असते.

विनायक: मग दोघं जागेच असतो म्हणायचं.

अनुराधा: दोघं जागे आणि दोघं गप्प. डोळे पुसा. तो येईल आता.

विनायक: त्या गाडीत तुला फार लागलं का?

अनुराधा: हाडात गेलं. पण ऐका. घ्या तुम्ही डिझेल. मी दोन उशा अजून शिवते. तुमच्या मनाला धीर राहत असेल तर मी बसेन त्याच्यात.

विनायक: दातात पदर धरून?

अनुराधा: धरीन. माझाच पदर आहे.

तुळशीराम: घ्या, टाकी भरली. काय ठरलं मंग?

अनुराधा: डिझेल.

विनायक: पेट्रोल.

तुळशीराम: हे असं असन त मी अजून एक चक्कर मारून येतो.

विनायक: थांब, कुठे चालला? पेट्रोल. ही पांढरी.

तुळशीराम: पाहा बरं, सर. काकूच्या तब्येतीले हेच चांगली, ते मी बी म्हन्तो. पन मंग मले बोलू नका. तुमी हिशोबाचे मानूस. लंब्या हिशोबात पेट्रोल महाग पडन तुमाले.

विनायक: आपला हिशोब लांबचा नाही, तुळशीराम.

तुळशीराम: ...बरं, सर.

अनुराधा: अरे, तू कशाला मान खाली घालतोस? कप उचल तो तुझा. चांगला होता चहा.

तुळशीराम: काकू, गाडी आजच घेऊन जा. कागदाचं मी यशवंतरावाशी बोलतो, मंगळवारी करून टाकू.

विनायक: मंगळवारी नागपूर.

अनुराधा: मग बुधवारी. नाही, बुधवारी मोहगाव. दिवाळीनंतर माहेरी गेले नाही. यमुनावहिनी म्हणत होती, बगीच्यात बहार धरला आहे, फुलांचा वास घरात येऊन राहिला. मला संत्र्याच्या फुलांचा वास घ्यायचा आहे. दवाखान्याचा वास नाकातून जातच नाही.

विनायक: बुधवारी मोहगाव. ठरलं.

तुळशीराम: मी सौंसरलेच येतो कागद घेऊन. तुमी नका येऊ. सर, हे बोनेटवर काय काढलं? पुसून टाकू का? उद्या गिऱ्हाईक येनार हाय हेच्यासाठी.

विनायक: पूस.

अनुराधा: थांब. मला एकदा पाहू दे. छान काढता हो तुम्ही रेषा. पट्टी नाही, काही नाही, तरी सरळ.

विनायक: सगळा जन्म तेच केलं.

अनुराधा: पूस रे आता.

तुळशीराम: पुसलं. चला, काकू, पाय आधी आत घ्या. हं. दार मी लावतो. सर, पंपापाशी वळन हाय, सांभाळून.

विनायक: माहीत आहे. काच उघडी ठेवायची तुझी? खिडकी तुझ्याकडे आहे.

अनुराधा: दोन्हीकडे आहे, बघा ना. आता भांडण नाही.

विनायक: खरंच की. निघू?

अनुराधा: निघा.

विनायक: लागून तर नाही राहिलं कुठे?

अनुराधा: नाही. अहो, तो समोरचा ट्रक जाऊ द्या पुढे.

विनायक: का? मघा तर मागे टाकायचा होता तुला. काढू का बाजूनं, रस्ता मोकळा आहे.

अनुराधा: नको. हळू घ्या. या गाडीत सौंसर फार लवकर येतं.