सांधलेलं कडं

— त्या खुर्चीवर नका बसू वकीलबाई, तिचा पाय मी परवा भिंतीवर आपटून मोडलाय, नुसता टेकवून ठेवलाय — इथं बसा, गादीवर. काचा जपून. काल मेदेरबेकचे भाऊ आले होते, तिघं, खिडकीतून विटा टाकून गेले. माझ्या बहिणीनं, आयझिरेकनं, नवऱ्याला सुरी घातली, त्यांचा भाऊ मेला, तर विटा येणारच. मी पण उतरलो खाली. धाकट्याचं नाक फुटलं, माझा हा हात सुजला — चहा डाव्या हातानं ओततोय, सांडला तर राग मानू नका. तर तुमचा कागद. वाचला, दोनदा वाचला. ‘जखम जीवघेणी नव्हती, दवाखान्यातल्या संगणकानं चुकीचं चित्र दाखवलं म्हणून उपचार झाले नाहीत.’ खाली माझी सही, कारण तो प्रोग्रॅम मी लिहिला. सही झाली की आयझिरेकवरचं खुनाचं कलम जाईल, पंधरा वर्षांची पाच होतील. बरोबर ना? करतो की सही. पण न्यायाधीश विचारणार, चूक झाली कशी — ते आधी तुम्हाला समजलं पाहिजे, नाहीतर तोंडात मारल्यासारख्या उभ्या राहाल तिथं.

हे बघा. मी गणितातला माणूस, टोपोलॉजीवाला. आम्हाला लांबी-रुंदीशी घेणंदेणं नाही. वस्तू ताणा, पिळा, चेपा — तुकडे किती आणि भोकं किती, एवढंच आम्ही मोजतो. हसा, हसा, चाळिशीचा बाप्या भोकं मोजून पोट भरतो म्हणून मेहुणाही हसायचा. आता हृदयाचा डावा कप्पा आडवा कापला तर कसा दिसेल? मेंढरू कापताना बघितलंय ना — जाड मांसाचं कडं. एक कडं, मधे एक भोक, तिथं रक्त. कुणाचंही असो, मंत्र्याचं नाहीतर हमालाचं. पण स्कॅन काढताना हृदय उडत असतं, चित्र विस्कटतं, आणि संगणकाला कडं कुठंतरी तुटलेलं दिसतं. म्हणून मी प्रोग्रॅमला शिकवलं — कडं तुटलेलं दिसलं तर ती चित्राची खोट, सांधून टाक. तीन महिने दवाखान्यात चाचणी चालली. शेकडो माणसांची कडी सांधली, एकही चुकलं नाही, कारण खरोखर तुटलेलं कडं घेऊन माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत येतच नाही. म्हणजे येत नाही असं मी धरून चाललो होतो. मेदेरबेक आला.

आला, कारण तिनं आणला. हे तुमच्या कागदात नाहीये, घाला ते. रविवारची भर दुपार, पाहुणे जेवून गेलेले, ती उरलेलं मांस हाडापासून सुटं करत होती, आणि ह्यानं पट्टा काढला — पाहुण्यांना चहा उशिरा दिला म्हणून. बकलाच्या बाजूनं मारायचा तो. तीन वर्षांपूर्वी तिचा जबडा मोडला, सहा आठवडे नळीनं रस्सा प्यायली पोरगी. ह्या खेपेला हातात सुरी होती. एकदाच घातली. आणि घातल्यावर तीच टॉवेल दाबून बसली — घरात, गाडीत, दवाखान्याच्या दारापर्यंत, चाळीस मिनिटं. जखम बारीक, वर रक्ताची गुठळी बसलेली. तो शुद्धीवर होता, स्ट्रेचरवरून तिला आईवरून शिव्या देत होता, म्हणजे माझ्याच आईवरून. मी उभा होतो शेजारी. तिनं मलाच फोन केला होता ना, नेहमी मलाच करायची. याआधी दोनदा माहेरी पळून आली. आई म्हणाली, दगड पडला तिथंच जड असतो, बाईनं जागा सोडू नये. आणि परत पोचवायला गाडी कुणी काढली? मी. दोन्ही वेळा. दुसऱ्या वेळी ती दार धरून बसली, उतरेना — बोटं मीच सोडवली तिची, एकेक. मग मेदेरबेकला त्याच्या गॅरेजमागं नेऊन दोन दात पाडले आणि वाटलं, झालं, भावाचं कर्तव्य झालं. त्या दातांचा सूड त्यानं तिच्यावरच काढला, दुसरं काय होणार.

असो. स्कॅन झाला. मोठे डॉक्टर लग्नाच्या जेवणाला गेलेले, ड्यूटीवरच्या डॉक्टरनं पडद्यावरचं रंगीत चित्र बघितलं — अख्खं कडं, हिरवंगार. म्हणाला, हृदयाला लागलेलं नाही, वॉर्डात ठेवा. पाच वाजता गुठळी सुटली. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त भरत गेलं आणि त्या रक्तानंच हृदय आवळून मारलं. प्रोग्रॅमनं खरी जखम खोट समजून सांधली, मी चित्र बघितलंही नव्हतं, लिहा असं. आता कुणी विचारेल, खरी फट आणि खोटी फट ओळखता येत नाही का तुम्हाला? येते की, त्याचंच तर गणित आहे. रानात पाणी चढवत न्या — डबकी होतात, मिटतात, परत होतात; पाणी कितीही वर-खाली करा, जे हटत नाही ते खरं तळं. तसंच इथं — किती उजळ ठिपक्याला मांस म्हणायचं, ती मर्यादा वर न्यायची, खाली आणायची. खोटी फट दोन पायऱ्यांत मिटते. ही मिटेना, सात वेळा मर्यादा फिरवली, वरपासून खालपर्यंत, तरी तिथंच, सुरीच्या पात्याएवढी —

काय?

हो. मघाशी म्हटलं खरं, बघितलं नव्हतं.

थांबू नका, लिहा. पडद्यावर दोन चित्रं येतात, डावीकडं मूळ, उजवीकडं सांधलेलं, आणि खाली विचारतं — मान्य? माणसानं बोट ठेवल्याशिवाय सांधलेलं चित्र डॉक्टरकडं जातच नाही. चाचणी माझी, म्हणून बोटही माझं. वर नाव होतं, ते वाचलं मी. आयझिरेक बाहेर बाकावर, कोपरापर्यंत रक्तानं माखलेली. मी आत जाताना बाही धरून म्हणाली होती — दादा, त्याला वाचव. हो म्हणालो. आत गेलो, सात वेळा ती फट बघितली, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला. वाटलं, तिच्या लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या बाजूनं काहीतरी करतोय — तो मेला की ती सुटली, एवढंच डोक्यात. तो मेला तर ती खुनी ठरेल, हे भोकं मोजणाऱ्या शहाण्याला सुचलंच नाही. तो जगला असता तर आज ती घरी असती, वकीलबाई.

आता सांगा, मशीनऐवजी माझं नाव टाकलं तर तिला किती? पाचापेक्षा कमी ना? वाटलंच. मग तो कागद फाडा, नवा काढा. प्रोग्रॅम नाही — कुबात तोकतोसुनोव, जाणूनबुजून. तसंच लिहा, शब्द मऊ करू नका. तिला कळेल, कळणारच. मंगळवारी भेटायला गेलो तर काचेपलीकडून मलाच समजावत होती — दादा, तू जीव तोडून प्रयत्न केलास, तेवढं पुरे. तुम्ही सांगा तिला. मला नाही जमायचं. आणा इकडं, डाव्या हातानं सही चालते का? चालवून घ्या. हं. झालं. आता उठा — जा म्हटलं ना.