हरकत नाही

न्हाय पोरी, ती खिडकी न्हाय — ती कोर्ट फीची. नक्कल मिळती ती ही, जाळीची. पर आता तिथं उभं ऱ्हाऊन उपयोग न्हाय, क्लार्क आत गेलाय सह्या आणायला. माझा बी कागद त्यातच हाय. बस की हितं फॅनखाली, सरकते मी. सकाळपासनं बसूनच हाय — बसून म्हंजे काय, उठते, जाळीतनं बघते, परत येते. शिपाई म्हणाला, मावशी, एका जागी बसा की, फरशी झिजंल. बसवत न्हाय तर काय करू?

निकालाची नक्कल. घटस्फोटाच्या. व्हय, माझाच. बघ, तू बी तशीच बघितलीस. समदी बघत्यात — केस पिकाय लागलेली बाई, पोरगी पुण्यात कॉलेजला, आणि हिचा घटस्फोट. मी राजमती, कुरुंदवाडची. केस हितं कशी म्हणशील, तर माहेर माझं शाहूपुरी, लग्न हितंच लागलं, म्हणून हितं चालती. नवरा? न्हाय ग, दारू न्हाय, मारहाण न्हाय, दुसरी बाई न्हाय. तसलं कायबी न्हाय. नवरा माझा मुनी झालाय. आमच्या जैनात दीक्षा घेत्यात न्हवं — घरदार सोडायचं, अंगावरचं कापड बी सोडायचं, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, आणि गावोगाव चालत ऱ्हायचं — तसं. श्रीपाल नाव. कापडाचं दुकान हुतं आमचं. आता ते नाव गेलं, नवीन मिळालंय, पर माझ्या तोंडात बसत न्हाय. मी नुसतं महाराज म्हणते.

एका रात्रीत न्हाय झालं. आधी मीठ सोडलं, मग गादी सोडली, मग दुकानाकडं जायचं सोडलं. मला म्हणालं, राजमती, माझं मन लागत न्हाय कशात. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊया. हसलं. दीक्षेच्या दिवशी ह्यो मोठा मांडव, माणूस मावत न्हवतं, आणि मला पुढं बसवलेली, जरीच्या साडीत. माइकवर विचारलं — घरच्यांची परवानगी हाय का? रीतच हाय, बायकोला विचारायचीच. मी पदर सावरून उठते न उठते तवर दिरानं हात जोडलं, म्हणाला हाय, आणि मांडवानं जयजयकार केला. झालं. मी उभीच.

त्याच्यानंतर बायका माझ्या पाया पडाय लागल्या. हिरव्या बांगड्या घातल्या तर एक म्हणाली, आता कशाला ह्या? काढल्या तर दुसरी म्हणाली, अगं असं नको करू, जिता हाय की. बँकेतला पोरगा विचारतोय — विवाहित लिहू का विधवा? मी म्हटलं, त्यो कॉलम मोकळा ठेव. म्हणतोय, संगणक घेत न्हाय मोकळा. म्हणून म्हटलं, कागद करून टाकूया एकदाचा. बास, एवढंच कारण. दुसरं काय न्हाय.

आला का ग क्लार्क? न्हाय. कुणीतरी दुसराच हाय.

काय सांगत हुते? व्हय — मी त्यांच्या मागनं फिरत हुते. मुनींचा संघ ज्या गावात मुक्कामाला असंल त्या गावात मी. शिरोळ, नांदणी, तिकडं निपाणीपर्यंत. चौका लावायची — म्हंजे शुद्धीनं सैपाक करायचा, दारात कलश घेऊन उभं ऱ्हायचं, नमोस्तु म्हणून बोलवायचं. महाराज ज्या दारात थांबतील तिथं त्यांचा आहार. दिवसातनं एकदाच, पाणी बी तवाच. माझ्या दारावरनं ते पुढं जायचं. दर वेळी. आणि पुढं गेलं की मी केलेलं समदं वाटून टाकायची आणि उपाशी ऱ्हायची. संगं आलेला भाऊ म्हणायचा, अक्का, खा की. मी ताट त्याच्याकडं सारायची.

मागल्या उन्हाळ्यात मात्र थांबलं. निपाणीकडच्या एका गावात, माझ्या दारात. पाय धुतलं, उभं ऱ्हायलं, ओंजळ पुढं केली. मी भाताचा घास ठेवला — दोन घास गेलं, आणि तिसऱ्यात केस निघाला. लांब, माझाच. तुला सांगते, घरी असं झालं की ते केस उजेडात वर धरायचं आणि म्हणायचं, राजमती, तुझं टपाल आलंय बघ. सासू समोर बसलेली असू दे न्हायतर पावणं असू दे, म्हणायचंच. मी लाजून मरायची. तर तिथं — घासात केस आला की अंतराय, आहार तिथंच संपला. त्यांनी ओंजळ सोडली. भात खाली पडला. हात धुतलं आणि निघालं. मे महिन्याचं ऊन, घशाखाली पाणी न्हाय, आणि उद्यापर्यंत मिळायचं न्हाय. बायका रडाय लागल्या. काहींनी माझ्याकडं असं बघितलं म्हणतीस. त्यांनी न्हाय बघितलं. मी वाट बघत हुते, रागवतील, निदान कपाळाला आठी पडंल. काय न्हाय. वाढणारी बाई कोण हे त्यांच्या गावीच न्हवतं. आणि ढोंग न्हवतं ग ते. मी संसार केलाय त्या माणसासंगं, त्यांचं ढोंग मला पाठमोरं बी कळतं. त्यांचं सुटलंय. खरंच सुटलंय. माझंच ऱ्हायलं हुतं.

मग शाहूपुरीत रुचिता मगदूम म्हणून वकील हाय तिच्याकडं गेले. आमच्यातलीच पोरगी, मला वाटलं उठवून लावंल. तर म्हणाली, काकी, कायद्यात हाय हे — नवऱ्यानं संसार सोडून संन्यास घेतला तर बायकोला घटस्फोट मागता येतो. मला वाटलं थट्टा करती. पुस्तक काढून दाखवलं. अर्ज दाखल केला तसा दीर दारात, वृषभ. म्हणाला, वहिनी, महाराजांवर केस? समाजात तोंड कुठं दाखवायचं आम्ही? मी म्हटलं, महाराजांवर न्हाय, तुझ्या भावावर हाय. त्यो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडाय लागला. त्याचा बी भाऊ गेलाय की. चहा करून दिला त्याला.

समन्स घेऊन बेलिफ गेला. श्रीपाल पाटील कोण? तिथं सेवेला असलेला माणूस म्हणाला, या नावाचं कोण न्हाय हितं. बेलिफ तसंच लिहून परत. मग रुचितानं दीक्षेची पत्रिका जोडली, फोटो जोडलं, परत पाठवला त्याला. महाराज कागद हातात घेत न्हाईत. तर त्या भल्या माणसानं चपला लांब काढल्या आणि समोर उभं ऱ्हाऊन समदा वाचून दाखवला — अर्जदार राजमती, सामनेवाले श्रीपाल, लग्न अमुक दिवशी अमुक ठिकाणी. महाराज डोळं मिटून ऐकत हुतं म्हणं. वाचून झाल्यावर म्हणालं, "आमची हरकत नाही. त्यांचं कल्याण होवो."

बेलिफ मला फोनवर आनंदानं सांगतोय — काकी, झालं तुमचं काम, हरकत न्हाय म्हणालं. मी फोन ठेवला आणि भांडी घासाय बसले. घासलेलीच परत घासली. हरकत न्हाय. अगं, एक तरी घ्यायची. म्हणायचं, का म्हणून? म्हणायचं, राजमती, असं नको करू. मला काय कागद पायजे हुता व्हय, मी तर —

जाऊ दे. कागदच पायजे हुता. बँकेत लागतो.

कोर्टात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. कोण येणार? मग जजसाहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला स्वतःला हा घटस्फोट हवा आहे का?" मला. दिराला न्हाय, भावाला न्हाय. व्हय म्हटलं मी, आणि आवाज इतका मोठा निघाला की टाइप करणाऱ्या बाईनं मान वर केली.

आणि तुझं काय ग? म्हंजे नक्कल न्हवंच, दाखल करायला आलीयास? काय म्हणतोय त्यो? सोडणार न्हाय म्हणतोय? माणसं घेऊन माहेराला येतोय — नशीब ग तुझं, निदान कुणाला तरी — थांब. ह्यो दंडावर वळ कसला? झाकू नको, बघू. अगं आई. न्हाय, न्हाय पोरी. ती हरकत न्हवं. मी येड्यावानी बोलले, माझं ऐकू नको. त्यो किती बी आडवा येऊ दे, तू दाखल कर. रुचिताचा नंबर देते, राजमतीकाकीनं पाठवलं म्हण. आज जा. आत्ता.

मला? मला आता काय. उद्या संघ कुरुंदवाडात येतोय. आमच्याच गल्लीतनं जाणार. कालपासनं डोळ्याला डोळा न्हाय — दार उघडं ठेवू का कुलूप लावून हितं भावाकडं ऱ्हाऊ? हितं बसल्या बसल्या दहादा ठरवलं आणि दहादा मोडलं. तुझ्याशी बोलता बोलता आता असं वाटतंय, उभं ऱ्हावं. बाकीच्या बायका उभ्या ऱ्हात्यात तसं. नमोस्तु म्हणायचं. थांबलं तर वाढायचं. पुढं गेलं तर आत यायचं, पाट घ्यायचा, आणि केलेलं आपण जेवायचं. गरम हाय तवर.

माझं नाव घेतलं का? व्हय, मीच. आले, आले. पिशवी धर जरा.

… हे बघ, एवढंच हाय. शिक्का हाय, सही हाय. नावं बरोबर हायत दोघांची. हितं बघ, काय लिवलंय — सामनेवाले यांची हरकत — न्हाय, काय झालं न्हाय मला. तू जा की आता, वकील निघून जाईल. पाणी नको. जा म्हणते न्हवं. आणि जाताना मागं वळून बघू नको.