मूळ एकच

मास्तर : मासा आधी, पाद्रीबाबा. मनूच्या ओंजळीत मासा आला, त्याने पुराची वर्दी दिली, मग नाव. तुमच्या नोहाने कथा उचलली आणि मासा वाटेत सांडला.

पाद्री : सांडला? अहो, नोहाच्या तारवाचं लांबी-रुंदीसकट माप आहे आमच्याकडे. तुमच्या मनूने नाव बांधली, बस्स, एवढंच! ऐकीव माणूस असंच सांगतो.

मास्तर : ऐकीव? हे वाक्य पुस्तकात गेलं, तर माझं नाव काढून टाका.

पाद्री : पुस्तकाचं नाव काय ठरवलंय आपण? ‘मूळ एकच’. मग भांडता कशाला?

मास्तर : मूळ एकच आहे. ते आमचं आहे, इतकाच माझा मुद्दा.

पाद्री : या, मास्तरीणबाई. तुम्हीच सांगा यांना. बसा.

मास्तरीणबाई : बसायला नाही आले. सकाळी पोर बाळंत झाली. पाद्रीबाबा, तुमची सून. आणि अहो, तुमची मुलगी, आठवत असेल तर.

मास्तर : तो विषय या घरात काढायचा नाही, असं ठरलंय.

मास्तरीणबाई : तुम्ही ठरवलंय. दर शनिवारी इथे बसून लिहिताय, सगळी माणसं एका नावेतून उतरली म्हणून. आणि पोरांनी लग्न केलं, तर दोघांनीही दारं लावून घेतलीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

पाद्री : तत्त्व वेगळं, संसार वेगळा, बाई. आमच्या चर्चची मंडळी काय म्हणेल?

मास्तरीणबाई : नोहाने सुनांना तारवात घेतलं होतं की नव्हतं?

पाद्री : घेतलं होतं. तिघींनाही.

मास्तरीणबाई : मग लोक काय म्हणाले त्याला?

पाद्री : लोक... बुडाले होते.

मास्तरीणबाई : बरं झालं.

मास्तर : सापडलात, पाद्रीबाबा!

मास्तरीणबाई : तुम्ही दात काढू नका. मनूने ओंजळीतला एवढासा मासा टाकला नाही, रांजणात घालून वाढवला. तुम्ही पोटची पोर टाकलीत. म्हणे मूळ आमचं!

मास्तर : तुला नक्की हवंय काय?

मास्तरीणबाई : विचारायला आलेच नाही मी. संध्याकाळी तिला घरी आणतेय. त्यांच्या खोलीत भिंतींना ओल आहे, तिथे तान्हं बाळ कसं राहणार? वरची खोली रिकामी केलीय.

मास्तर : वरची? तिथे आमचे कागद आहेत!

पाद्री : सगळं हस्तलिखित!

मास्तरीणबाई : होतं. आता गच्चीवर आहे.

मास्तर : उघड्यावर? आणि पाऊस आला तर?

मास्तरीणबाई : दोघं मिळून नाव बांधा. मापं आहेतच तुमच्याकडे.

पाद्री : बाई, निदान प्रकरणं क्रमाने तरी...

मास्तरीणबाई : बघा. कागदांचं विचारून झालं, क्रमाचंही झालं. पोर कशी आहे, मुलगा झाला की मुलगी, एकाच्याही तोंडून निघालं नाही. लाज वाटते हो मला तुमची.

(पाद्री लेखणी खाली ठेवतो.)

पाद्री : काय... काय झालं?

मास्तरीणबाई : नात झाली. मला.