टायमरमधलं पाणी

“करंट गेला तरी चिप काही विसरत न्हाई,” असं मी गिऱ्हाइकांना लई फुशारकीनं सांगायचो बे. आता न्हाई सांगत.

तलवाड्याची सुमनकाकू पाण्याच्या मोटारीच्या टायमरचा डबा घेऊन माझ्या रिपेरीच्या दुकानात आली. ऊसतोडीला जाताना काका त्यावर म्हशीच्या हौदात पाणी सोडायच्या वेळा लावून जायचे. औंदा काका फडातच वारले अन् पोरांनी म्हैस विकली.

“ह्यांनी लावलेलं पुसलं का रे?”

“न्हाई काकू, नुसता सेल संपलाय.”

मी नवा सेल टाकला. काकांनी लावलेल्या वेळा पडद्यावर जशाच्या तशा आल्या.

“आता म्हैस न्हाई, तर पुसून टाकू का?”

काकूनं डबा माझ्या हातातून काढून घेतला.

“कावून? म्हैस विकू नका, असं हे सांगून गेलते. पोरांनी ऐकलं न्हाई. ह्यांचं ऐकणारा आता हा डबाच राहिलाय.”