वरचं कापड

(शिंप्याचं दुकान. भरदुपार. मशीन बंद.)

बाई : बसायला नाही आले मी, मास्तर. एकच विचारायचंय.

शिंपी : पोलिसांत जाणार असाल तर मी आडवा येणार नाही, ताई. तुमचे यजमान याच दारात स्कूटरवरून पडले. मांडीला पट्टी मीच आवळली.

बाई : माझे दीर वकील आहेत. ते म्हणतात, चांगल्या मनानं मदत करणाऱ्याला कायदा हात लावत नाही. म्हणून तर मी स्वतः आले.

शिंपी : विचारा.

बाई : पट्टीनं रक्त थांबलं, जीव वाचला. डॉक्टरच म्हणाले. पण तिच्यावर कापड का गुंडाळलंत?

शिंपी : चांगलं दिसेना.

बाई : दिसेना? कापड वरून कोरडं, म्हणून दवाखान्यात सगळे डोक्याच्या जखमेमागे लागले. खाली पट्टी करकचून बांधलेली, कुणाला पत्ताच नाही. संध्याकाळी उघडलं तेव्हा पाय काळानिळा. कापावा लागला, मास्तर. चांगलं दिसेना म्हणून.

शिंपी : ॲम्ब्युलन्सवाल्याला मी सांगायला हवं होतं. त्यानं मला बाजूला सारलं आणि मी सरलो. ते माझंच चुकलं.

बाई : ते झालं. कापडाचं बोला.

शिंपी : रक्त कुठून येतंय ते दिसावं म्हणून पँट वरपर्यंत कापली होती मी. भोवती ही गर्दी. मोबाइल वर करून उभे सगळे.

बाई : म्हणून तुम्ही झाकलंत.

शिंपी : हो.

बाई : माझ्याकडे बघून बोला.

शिंपी : त्यांनीच सांगितलं, ताई. शर्ट सारखा खाली ओढत होते. ‘झाका हो मला,’ म्हणाले. मला राहवेना. ताग्यातलं नवं कापड फाडलं आणि गुंडाळलं.

बाई : म्हणजे शुद्धीत होते?

शिंपी : होते थोडे.

बाई : त्यांना यातलं काहीच आठवत नाही. पडलेलंसुद्धा नाही. त्या शिंप्याला काय अवदसा आठवली म्हणून रोज तुम्हाला शिव्या देतात.

शिंपी : देऊ द्या.

बाई : आज जाऊन सांगते त्यांना.

शिंपी : नको.

बाई : नको काय? उगाच तुमच्या माथी कशाला?

शिंपी : पाय गेलाय माणसाचा. शिव्या द्यायला मी आहे, तेवढं तरी राहू द्या त्यांच्याकडे.