सानिकाची लस, माझी सही

आमची सानिका इतकी चोख कशी, असं विचारता ना? मग ऐका.

आम्ही तेव्हा तोक्योत, ओजिमाला राहायचो. सानिका तेरा वर्षांची. वॉर्ड ऑफिसातून तिच्या गोवराच्या लशीचा फॉर्म पोस्टाने आला, त्यात तब्येतीचे 'हो-नाही'चे प्रश्न. तेरा पूर्ण झाली की मूल दवाखान्यात एकटं जाऊ शकतं, पण फॉर्मवर पालकांची सही लागतेच. मला जपानीतला 'नाही' तेवढा ओळखता यायचा. मी वरपासून खालपर्यंत सगळ्या 'नाही'वर गोल केले, सही ठोकली आणि म्हटलं, "जा, टोचून ये."

"आई, सहीच्या वर लिहिलंय, 'मला सगळं समजलं आहे, माझी संमती आहे.' तुला काय समजलं?"

"तुला समजलं ना? मग झालं तर!"

"टोचून घेणारा दंड माझा असला तरी सही तुझी आहे. बस इथे."

तिने एकेक प्रश्न मला मराठीत सांगितला. "लहानपणी कधी आकडी आली होती?" यावर मी 'नाही'चा गोल खोडला. आली होती. दहा महिन्यांची असताना, तापात. मी साफ विसरले होते!

मग मीही सोबत गेले. डॉक्टरांनी आकडीबद्दल खोदून खोदून विचारलं आणि मगच लस टोचली. निघताना ते तिला म्हणाले, "तू एकटी आली असतीस तरी चाललं असतं."

"मी आले असते," सानिका म्हणाली, "पण आईला सही करायला एकटं सोडता येत नाही."